हायब्रिड विमानं : खरा पर्याय की बॅटरीचं ओझं?

विमानवेडी :
एअरबस, रोल्स-रॉइस आणि सीमेन्सनी २०१७ साली ई-फॅन एक्स हा हायब्रिड विमानाचा (इंधनावरच्या टर्बाइन इंजिनाला विजेच्या मोटरची जोड) प्रकल्प जाहीर केला. बीएई १४६ या प्रवासी विमानाच्या चार इंजिनांपैकी एक काढून तिथे २ मेगावॅटची मोटर बसवायची होती. एप्रिल २०२० मध्ये, विमान उडण्याआधीच, तो गुंडाळला. तेव्हापासून हायब्रिडचं नाव काढलं की लोक नाकं मुरडतात. मला हे अजिबात पटत नाही. इंजिन केवढं हवं ते टेकऑफ आणि चढाईवर ठरतं, पण तो जोर लागतो काही मिनिटंच. एरवी टर्बाइन कमी जोरावर चालतं आणि तिथेच त्याची कार्यक्षमता घसरते. चढताना मोटरने हात दिला तर इंजिन लहान करता येईल. कमी पल्ल्याच्या टर्बोप्रॉपमध्ये (टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या विमानांमध्ये) हे यायलाच हवं. प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा या इंजिन-कंपनीने डॅश ८-१०० या टर्बोप्रॉपसाठी १ मेगावॅटची मोटर घेऊन हेच हाती घेतलंय, इंधनात ३० टक्के बचतीचं उद्दिष्ट ठेवून.

धूमकेतू७ :
उद्दिष्ट ठेवायला काय जातंय? एक किलो विमान-इंधनात साधारण १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, बॅटरीच्या एक किलो लिथियम-आयन सेलमध्ये जेमतेम पाव किलोवॅट-तास. मोटरची कार्यक्षमता टर्बाइनच्या दुपटीहून जास्त धरली तरी वीसेक पटींचा फरक उरतोच. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होतं. बॅटरी उतरतानाही तेवढीच जड!

विमानवेडी :
हा हिशेब पूर्ण इलेक्ट्रिक विमानाचा झाला. मी फक्त चढाईबद्दल बोलतेय. १ मेगावॅट, सहा मिनिटं : १०० किलोवॅट-तास. सेलचं वजन ४०० किलोच्या आसपास.

धूमकेतू७ :
सहा मिनिटांत रिकामे होणारे सेल वेगळे असतात, ते किलोमागे ऊर्जा कमी साठवतात. त्यावर आवरण, शीतकरण, आगीपासून संरक्षण. पाच-सात प्रवाशांच्या जागेवर पाणी सोडावं लागेल.

सर्किट :
तुम्ही दोघंही सेलपाशीच थांबलात. ९५ टक्के कार्यक्षम असली तरी १ मेगावॅटची मोटर ५० किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. टर्बाइनची बहुतेक उष्णता धुराबरोबर निघून जाते. मोटरची उष्णता कमी तापमानाची, त्यामुळे रेडिएटर मोठा लागतो आणि हवेचा रोध वाढतो. वर गेल्यावर हवा विरळ, म्हणून उच्च व्होल्टेजच्या तारांमध्ये ठिणगी लवकर पडते. व्होल्टेज कमी ठेवा, तर केबल जाड आणि जड. माझ्या मते खरी लढाई इथे आहे.

विमानवेडी :
हे मान्य, पण हे अभियांत्रिकीचे प्रश्न आहेत, निसर्गनियमाची भिंत नव्हे. उड्डाण करून, मोजूनच ते सुटतील. म्हणून तर चाचणीची विमानं अर्ध्यात सोडू नयेत असं म्हणते.

धूमकेतू७ :
चाचण्या जरूर करा, माझा विरोध प्रवासी विमानाला आहे. धावपट्टी चुकली आणि पुन्हा वर जायची वेळ आली, की लहान केलेल्या इंजिनाला मोटरचा पूर्ण जोर हवा. म्हणजे खाली येईपर्यंत बॅटरी भरलेली पाहिजे. अर्ध्या तासाच्या उड्डाणात टर्बाइनने विमानही ओढायचं आणि बॅटरीही भरायची, मग वाचलेल्या इंधनातलं उरेल किती?