न मारणारा नायक: तत्त्व की दुकानदारी?

संकासूरप्रेमी, कुडाळ
कॉमिकमधला नायक बॅटमॅन आपला वैरी जोकर यालाही मारत नाही, याचं कौतुक पुरे. मे १९३९ च्या पहिल्याच कथेत त्याचा ठोसा खाऊन गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो आणि याला काडीचं वाईट वाटत नाही. १९४० च्या पहिल्या स्वतंत्र अंकात तर विमानातून मशीनगन चालवतो. जोकरही त्याच अंकात मरायचा होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवट बदलायला लावला. म्हणजे नियम नायकाचा नाही, खपाचा! आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकात विष्णू संकासूर या राक्षसाला सरळ मारतो, कोणाची तक्रार नसते.

रापणकर, मालवण
उदाहरण तुमच्यावरच उलटलं. संकासूर आज मेला तरी उद्या दुसऱ्या जत्रेत काळे कपडे चढवून मालवणीत टर उडवायला हजर. कॉमिकमध्ये मेलेला परत आणायचा तर जादू नाहीतर क्लोन काढावा लागतो, आणि मग पुढच्या मरणालाही वजन राहत नाही. नियम खपासाठी आला, मान्य. पण ‘याला जिवंत कसा धरायचा’ या अडचणीतच गोष्ट रंगते. गुन्हेगारांना सरळ मारणाऱ्या पनिशरला (१९७४) ती अडचणच नाही, म्हणून समोर न मारणारा डेअरडेव्हिल असला तरच त्याच्या गोष्टीत जीव येतो.

खाडीपलीकडचा
आधी ‘न मारणं’ म्हणजे काय ते ठरवा. डोक्यात हाणून माणूस काही मिनिटं बेशुद्ध राहिला तर ती मेंदूची गंभीर इजा धरतात. उताणा पडलेल्याची उलटी श्वासनलिकेत गेली की संपलं. निदान कुशीवर तरी वळवा. बॅटमॅन महाशय मात्र छपरावरून पसार! २००५ च्या चित्रपटात तर रूळ उडवण्याची व्यवस्था स्वतः करायची आणि खलनायक रास अल गूलला ट्रेनमध्ये सोडून उडून जायचं. याला न मारणं म्हणायचं?
आपला कायदा यापेक्षा सरळ आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३८: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाता येतं. कलम ३७: गरजेपेक्षा जास्त इजा नको. बांधून घातलेल्याला मारलं तर खूनच.

संकासूरप्रेमी, कुडाळ
मग १९८८ मध्ये जोकर बॅटमॅनचा पोरगेला साथीदार जेसन टॉड याला पहारीने झोडत होता, तेव्हा जोकरला मारलेलं चाललं असतं ना? पोरगा जगावा की मरावा, यावर वाचकांनी तर फोन करून ५,३४३ विरुद्ध ५,२७१ मतांनी पोरालाच मारलं.

रापणकर, मालवण
अरे, पण बॅटमॅन थंय वेळेर पोचलोच नाय. कलम ३८ कोणाक लावतलस?