गाडीची निगा आणि ॲव्हरेज : आपापले अनुभव लिहा

सातारकर :
आमची सात वर्षांची पेट्रोल गाडी पुणे-सातारा रस्त्याला १८ चं ॲव्हरेज द्यायची. दिवाळीपासून १५ वर आली आहे. रस्ता तोच, खंबाटकीचा घाट तोच, चालवणारा मीच. आकडा डॅशबोर्डवरचा नाही. एकाच पंपावर टाकी फुल करून, वहीत नोंद ठेवून काढलेला आहे. परवा टायर तपासले तर चारही चाकांत हवा २५-२६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ छापलंय. हवा भरली, थोडा फरक पडला, पण गाडी साडेपंधराच्या पुढे जात नाही. बाकीचं पेट्रोल जातंय कुठे? कुठल्या कामाने तुमचं ॲव्हरेज खरोखर वाढलं आणि कशाने काहीच झालं नाही, दोन्ही लिहा.

जुना_चालक :
फियाटच्या काळात एअर फिल्टर चोंदला की लगेच कळायचं. कार्बोरेटरला हवा कमी पडायची, सायलेन्सरमधून काळा धूर यायचा, पेट्रोलचा वास यायचा. फिल्टर बदलला की ॲव्हरेज सुधारायचं. पुढे एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी गाडी घेतली तरी सवय तीच. दोन वर्षं आकडे लिहिले, फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज हललं नाही. या गाड्यांत सेन्सर आत येणारी हवा मोजतो आणि त्या मापानेच पेट्रोल सुटतं. फिल्टर चोंदला तर पिकअप मरतो. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून तो बदलायलाच हवा, पण तुमचे तीन किलोमीटर त्यात नाहीत.

घाटमाथा :
आमच्याकडे दुखणं थर्मोस्टॅटचं निघालं, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचं. उन्हाळ्यात गाडी तापली तेव्हा एका मेकॅनिकने "ताई, हा व्हॉल्व्ह आपल्या हवेत लागत नाही" म्हणून तो काढूनच टाकला. गाडी तापायची थांबली, आम्ही निर्धास्त. डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे हीटर लावला, तर अर्ध्या तासानेही गारच वारा. टेंपरेचरचा काटा पूर्वी मधोमध यायचा, तो तळाशीच पडून. इंजिन पुरतं गरमच होत नव्हतं, आणि गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर लिटरमागे दीड किलोमीटर परत मिळाला. गाडी तापायचं मूळ कारण रेडिएटरचा बंद पडलेला पंखा होता. कोणी व्हॉल्व्ह काढू या म्हणालं तर कृपया काढू देऊ नका, फार कळकळीने सांगते.

टोरांटोहून :
हवेबद्दल एक भर. बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने उतरते. म्हणून दिवाळीनंतर पुन्हा तपासावीच लागते, आणि तीही सकाळी, गाडी हलवण्याआधी. धावून तापलेल्या टायरात ३३ दिसले, तर गार झाल्यावर ते कमीच भरतात.

हायवे_रोजचा :
इंजिन ऑइलचा डबा स्वतः वाचा. पातळ ऑइलच्या गाडीत माझ्या नकळत २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतलं होतं. ॲव्हरेजमधला फरक लहान होता, पण सकाळी इंजिन जड फिरायचं.

वाशिष्ठीकाठ :
सातारकर दादा, पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी होती का? आमची चिपळूणला महिनाभर उभी होती. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजल्या आणि ब्रेक पॅड डिस्कला घासतच राहिले. सोपी परीक्षा आहे : मोकळ्या रस्त्याने दहा किलोमीटर जा, ब्रेक शक्यतो लावू नका, थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. चिकटवू नका, भाजेल. एखादं चाक वेगळं तापलेलं कळतं. हे फक्त पेट्रोलचं काम नाही, घाट उतरताना जिवाशी गाठ आहे, लवकर बघा.

सातारकर :
वाशिष्ठीकाठ, गाडी गणपतीपर्यंत गावीच उभी होती. काल शिरवळला थांबून हात नेला. तीन चाकं कोमट, पुढच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना. जळका वासही येत होता. आज कॅलिपर उघडला. एक पिन पक्कडीने फिरवूनही सुटत नव्हती, आणि आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्माच उरलेला. पिना बदलून ग्रीस लावलं, पॅडची जोडीही नवी घातली. गॅरेजच्या उतारावर न्यूट्रलला टाकून ब्रेक सोडला तर गाडी आपण होऊन पुढे निघाली. गेले कित्येक दिवस ती अशी निघत नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पुढची टाकी संपली की आकडा इथेच लिहितो.