कवठेमहांकाळहून रोज ये-जा करावी की विश्रामबागेतच राहावे? अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाविषयी सल्ला हवा आहे

बागायतदाराची लेक (प्रश्न)

नमस्कार. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत मला सांगलीच्या विश्रामबागेतील महाविद्यालयात इलेक्ट्रिकल शाखेला प्रवेश मिळाला आहे. आमच्या घरातून अभियांत्रिकीला जाणारी मी पहिलीच असल्यामुळे घरात कुणाला विचारावे असे कोणी नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आमचे गाव कवठेमहांकाळपासून थोडे आत आहे. सकाळी लवकरची एसटी धरली तर ती मिरजेवरून सांगलीला जाताना विश्रामबागेत सोडते. घरापासून वर्गापर्यंत साधारण दीड तास लागतो आणि परतीलाही तितकाच. जुलै 2024 च्या शासन निर्णयामुळे माझे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, परंतु वसतिगृह आणि मेस यांचा खर्च त्यात येत नाही. त्यामुळे आजीचे म्हणणे असे की, सरकारने फी सोडली असताना आपण राहण्या-खाण्यावर पैसे घालवून ती सवलत घालवू नये. वडील स्पष्ट काही बोलत नाहीत, पण म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर उभी केलेली दोन एकर द्राक्षबाग आहे, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना फुटीसाठी पेस्ट लावण्यापासून घडांच्या विरळणीपर्यंत घरातले सगळे हात लागतात, आणि मी घरी असावे असे त्यांना वाटते हे मला कळते.

वसतिगृहाच्या पहिल्या यादीत माझे नाव नाही, मी प्रतीक्षा यादीत आहे. बारावीपर्यंत शाळा मराठी माध्यमाची होती आणि विज्ञानाचे वर्ग नावालाच इंग्रजीतून होते. माझा प्रश्न एवढाच आहे की, पहिले वर्ष ये-जा करून नीट पार पडते का, की त्यात असे काही हातचे जाते जे आज मला दिसत नाही?

मिरज-पंढरपूर लाइनवाला

ताई, मी सलगरे भागातून चार वर्षे ये-जा केली, मेकॅनिकलला होतो, आणि एकाही विषयात केटी लागली नाही, म्हणजे एकही विषय मागे राहिला नाही. त्यामुळे ये-जा करणाऱ्याचे शिक्षण होत नाही असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नका. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला एसटीत 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे महिलांच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही पास स्वस्त पडतो. मात्र आगारातून नूतनीकरण वेळेत करून घ्यावे लागते, कारण महाविद्यालयाच्या सहीशिक्क्याचा अर्ज नेमका पास संपतो त्याच दिवशी सापडत नाही.

त्रास कसला होतो तेही सांगतो. ड्रॉइंगच्या शीटची नळी आणि ड्राफ्टर (रेषा आखायचे उपकरण) घेऊन सोमवारी सकाळी भरलेल्या गाडीत उभे राहणे ही एक वेगळीच कसरत आहे. माझी एक पूर्ण शीट बेडगच्या पुढे एका आजोबांच्या कोपराखाली चुरगळली होती, आणि ती पुन्हा काढण्यात माझा रविवार गेला. पावसाळ्यात गाडी चुकली तर पहिल्या तासाची हजेरी जाते, आणि 75 टक्क्यांचा हिशेब सत्राच्या शेवटी फार कठोर असतो. प्रवासात अभ्यास होतो असे मी घरी सांगत असे. प्रत्यक्षात सकाळी झोप आणि संध्याकाळी गप्पा होत असत.

अभ्यास बुडाला नाही, पण बाकीचे बरेच बुडाले हे मात्र मान्य करावे लागेल. आमच्या वर्गातील काही मुले बाहा स्पर्धेसाठी गाडी तयार करत होती. ते काम संध्याकाळी सहानंतर वर्कशॉपच्या मागे सुरू होत असे, आणि माझी शेवटची सोयीची गाडी साडेपाचची होती. मी दोनदा थांबलो, दोन्ही वेळा रात्री मिरज स्थानकावर बसून काढावी लागली, नंतर नाद सोडला. चार वर्षांनी मुलाखतीत विचारले गेले की, वर्गाबाहेर तुम्ही स्वतःच्या हाताने काय बनवले, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे नव्हते.

निवृत्त मास्तर

मी अनेक वर्षे प्रथम वर्षाला शिकवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या भागातील जुन्या पिढीचे अभियंते तुम्हाला सांगतील की, त्यांनीही ये-जा केली आणि काही बिघडले नाही. ते खरेच बोलत असतात, परंतु त्यांच्या काळची परीक्षापद्धती वेगळी होती हे ते सांगत नाहीत. तेव्हा पेपर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे असत, सत्रभर कसेही गेले तरी शेवटी अभ्यासासाठी मिळणाऱ्या सुट्टीत, ज्याला मुले पीएल म्हणत, रात्री जागून भरपाई करता येत असे. 1947 मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू झालेल्या विश्रामबागेतील तुमच्या वालचंद महाविद्यालयाला 2007 मध्ये शैक्षणिक स्वायत्तता मिळाली, म्हणजे परीक्षा महाविद्यालय स्वतःच घेऊ लागले. स्वायत्त महाविद्यालयांत गुण सत्रभर विखुरलेले असतात: सत्रांतर्गत चाचण्या, मध्यसत्र परीक्षा, प्रयोगशाळेतील दर आठवड्याचे मूल्यमापन आणि मग अंतिम परीक्षा. म्हणजे शंभरातले जवळपास निम्मे गुण अंतिम पेपरच्या आधीच मिळालेले किंवा गेलेले असतात. शेवटच्या पंधरा दिवसांत डोंगर उचलण्याची सोय राहिलेली नाही, आणि म्हणून रोजचे तीन तास आज पूर्वीपेक्षा महाग पडतात. आठवड्याला पंधरा तास, पंधरा आठवड्यांचे सत्र धरले तर सव्वादोनशे तास होतात. त्यातले निम्मे झोपेत गेले असे समजले तरी उरलेला वेळ गणित आणि बेसिक इलेक्ट्रिकल या दोन्ही विषयांना पुरून उरेल.

आता तुमच्या मराठी माध्यमाबद्दल. पहिल्या सत्रात ज्या मुली मागे पडतात त्या विषय न समजल्यामुळे पडतात असे मला क्वचितच दिसले. थेवेनिनचे प्रमेय वर्गात इंग्रजीतून ऐकून अर्धे कळते, उरलेले अर्धे संध्याकाळी मैत्रिणीने वहीवर सर्किट काढून मराठीतून समजावले की कळते, आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलगी तिसऱ्या मुलीला समजावते तेव्हा ते कायमचे बसते. हे शिक्षण वेळापत्रकात कुठेही छापलेले नसते. पाच वाजता एसटीच्या थांब्यावर पळणाऱ्या मुलीच्या वाट्याला ते येत नाही, आणि घरी गेल्यावर शंका विचारायला कोणी नसते. शिक्षकांना मराठीतून शंका विचारायला संकोच करू नये, बहुतेक जण मराठीतूनच उत्तर देतात.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. वसतिगृह म्हणजे अभ्यासाची हमी नव्हे. सकाळी साडेआठच्या तासाला सर्वांत उशिरा येणारी मुले वसतिगृहातलीच असत, खोलीपासून वर्ग पाच मिनिटांवर असताना! कवठेमहांकाळची मुलगी त्या वेळी पहिल्या बाकावर बसलेली असे. शिस्त घरातून आणलेली असेल तरच राहण्याचा उपयोग होतो.

तिसऱ्या वर्षाची ताई

मी जतची आहे. जतहून रोज ये-जा शक्यच नव्हती, त्यामुळे माझ्या घरी हा वाद झाला नाही.

प्रतीक्षा यादीला घाबरू नकोस. कॅपच्या पुढच्या फेरीत काही मुली पुण्या-मुंबईकडे सरकतात, त्यांच्या जागा रिकाम्या होतात आणि यादी पुढे जाते. माझेही नाव तसेच आले होते. तोपर्यंत कॉट बेसिसवर खोली घे, म्हणजे खोलीतल्या एका पलंगाचे भाडे तुझे आणि बाकीचे इतर मुलींचे. डिपॉझिट परत कधी आणि किती कापून मिळणार हे घरमालकिणीकडून आधी लिहून घे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 2019 आणि 2021 मध्ये त्या गल्लीत पाणी आले होते का हे शेजारच्या दुकानदाराला विचार, घरमालकाला नको. विश्रामबाग त्यामानाने उंचावर आहे, पण शामरावनगरसारख्या सखल भागात स्वस्त खोल्या मिळतात आणि त्या स्वस्त का आहेत हे ऑगस्टमध्ये समजते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे, हा आकडा सांगलीत राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला आपोआप पाठ होतो.

खर्चाबद्दल आजींना एक सांग. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता नावाची योजना आहे, शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा असतो. ती घरापासून दूर राहून शिकणाऱ्यांसाठी आहे, ये-जा करणाऱ्यांना मिळत नाही. वडील अल्पभूधारक असतील तर तो दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव, आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री कर. पैसे उशिरा येतात, त्यामुळे पहिले काही महिने घरूनच भागवावे लागेल हेही प्रामाणिकपणे सांगून टाक.

रॅगिंगची भीती घरी असेल तर तेही बोलून घ्या. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, प्रवेशाच्या वेळी तुझ्याकडून आणि पालकांकडून प्रतिज्ञापत्र घेतले जाते, आणि 1800-180-5522 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. मला स्वतःला सीनियर मुलींकडून जुनी जर्नल्स, पुस्तके आणि रविवारी रात्री मेस बंद असल्यावर भडंग मिळाले, याशिवाय काही सहन करावे लागले नाही.

बागायतदाराची लेक

सर्वांचे मनापासून आभार. मास्तरांचे उत्तर मी वडिलांना वाचून दाखवले. सव्वादोनशे तासांचा हिशेब त्यांना लगेच पटला, कारण मजुरांचे तास ते असेच मोजतात. भत्त्याची माहिती आजीला सांगितली, तर ती म्हणाली की आधी पैसे हातात येऊ देत. परंतु छाटणीचा प्रश्न तसाच राहिला आहे. मी राहायला गेले तर ऑक्टोबरमध्ये दोन मजूर जास्त लावावे लागतील, आणि तो खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही.

तासगावचा एक बाप

पोरी, मीही द्राक्षवालाच आहे आणि माझा मुलगा गेल्या वर्षी याच परिस्थितीत होता, म्हणून तुझ्या वडिलांच्या बाजूने लिहितो. फळछाटणी आपल्याकडे एकाच दिवशी सगळ्यांची नसते. कोणी ऑगस्टच्या शेवटी घेतो, कोणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबतो. महाविद्यालयाचे शैक्षणिक वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीलाच मिळते आणि त्यात मध्यसत्र परीक्षेच्या तारखा असतात. ते वेळापत्रक वडिलांच्या हातात दे. आम्ही मुलाच्या परीक्षेनंतरचा शनिवार-रविवार धरून छाटणीची तारीख ठरवली आणि पेस्टच्या दिवशी तो घरी होता. पावसाचा अंदाज आणि बाजारभाव पाहूनच तारीख ठरते हे मला ठाऊक आहे, त्यामुळे दर वर्षी असे जमेलच असे म्हणत नाही. एप्रिलची खरड छाटणी मात्र दुसऱ्या सत्राच्या शेवटच्या धावपळीत येते. तेव्हा तिची आशा धरू नका, असे वडिलांना आत्ताच सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी रुसवा होणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुलाने मला नंतर सांगितली. घरी असताना मी त्याला रोज रात्री मोटर चालू करायला उठवत असे, कारण आमच्याकडे शेतीची वीज आठवड्याआड रात्री असते. मला ते काम वाटतच नव्हते. त्याची झोप त्यातच जात होती.

मिरज-पंढरपूर लाइनवाला

वर लिहायचे राहून गेले. ताईंना राहायला जाणे जमलेच नाही, तर निदान आठवड्यातले दोन दिवस तरी मैत्रिणीच्या खोलीवर थांबण्याची सोय करावी. आमच्या वर्गातील एक मुलगी मंगळवारी आणि गुरुवारी थांबत असे, खोलीच्या भाड्यात आपला वाटा देत असे, आणि प्रयोगशाळेचे सगळे लिखाण त्याच दोन रात्री उरकत असे. हा मार्ग मला तेव्हा सुचला नाही.

बागायतदाराची लेक

घरी असे ठरले आहे की, पहिले सत्र कॉट बेसिसवर राहायचे, दर शनिवारी दुपारच्या गाडीने घरी यायचे, आणि वसतिगृहाची यादी पुढे सरकली तर तेथे जायचे. आजीने अट घातली आहे की, पहिल्या मध्यसत्र परीक्षेचे गुण तिला आधी सांगायचे, वडिलांना नंतर. सोमवारी वडील आणि मी खोली पाहायला येत आहोत, आणि गल्लीतल्या दुकानदाराला पाण्याबद्दल नक्की विचारू.

शेवटची एक शंका आहे. साहित्याच्या यादीत ड्राफ्टर लिहिला आहे. तो नवीन घ्यावा का?

तिसऱ्या वर्षाची ताई

अजिबात घेऊ नकोस. पहिल्या वर्षानंतर इलेक्ट्रिकलवाल्यांना तो लागत नाही, माझा तेव्हापासून कपाटावर पडून आहे, तोच तुला देते. त्याचा एक स्क्रू ढिला आहे, तेवढा सांगलीच्या गावभागात बसवून घे. सोमवारी खोली पाहून झाली की मुलींच्या वसतिगृहाच्या दारात ये, मी चारपर्यंत प्रयोगशाळेत आहे, त्यानंतर भेटते.