बिशपची अंगठी, पाळकाचे पाय: ख्रिस्ती माणसाने किती वाकावं?

पेठेतला_ख्रिस्ती (धागाकर्ता)
नाताळ जवळ आला की पुण्यात कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल असे एकत्र कार्यक्रम होतात आणि व्यासपीठापाशी दरवेळी तोच घोळ. बिशप आले की काही जण गुडघा टेकून अंगठीचं चुंबन घेतात, काही पाया पडतात, काही मख्ख बसून राहतात. मग चहाच्या वेळी कुजबुज. माझं मत सरळ आहे: माणसापुढे गुडघा नको. रोमी शतपती कर्नेल्य पाया पडला तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला उठवलं, 'मीही माणूसच आहे' म्हणाला (प्रेषितांची कृत्ये १०:२५-२६). योहान देवदूतापुढे दोनदा पालथा पडला, दोन्ही वेळा त्याला अडवलं (प्रकटीकरण १९:१०, २२:८-९). पेत्राला जे चाललं नाही ते त्याच्या वारसांना, म्हणजे बिशपना, कसं चालतं?

रामवाडीकर
वचनं निवडून घेतलीत. याकोब एसावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत वाकला (उत्पत्ती ३३:३). मोशेने सासऱ्याला, इथ्रोला, वाकून नमन केलं (निर्गम १८:७). आणि धर्मपुढाऱ्याचंच उदाहरण हवं असेल तर यरीहोचे संदेष्ट्यांचे शिष्य अलीशापुढे जमिनीपर्यंत वाकले (२ राजे २:१५). तिथे कुणी कुणाला अडवलेलं नाही. म्हणजे अडचण वाकण्यात नाही, समोरच्याला देव समजण्यात आहे. लुस्त्र गावात लोक बर्णबा आणि पौलाला देव समजून बैल आणि हार घेऊन बळी द्यायला निघाले, म्हणून त्या दोघांनी कपडे फाडले (कृत्ये १४).

आता विधीचं. कॅथलिक मिस्साच्या (प्रभुभोजनाच्या उपासनेच्या) ग्रंथातल्या नियमांत उजवा गुडघा जमिनीला टेकणं म्हणजे आराधना, आणि ती पवित्र साक्रामेंतासाठी (ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीसाठी) राखीव. शुभ शुक्रवारपासून पुनरुत्थानाच्या जागरणविधीपर्यंत क्रुसासाठीही. बिशपला डावा गुडघा टेकायची जुनी रीत होती, ती हा फरक दिसावा म्हणूनच. आजच्या विधीपुस्तकात मिस्सात बिशपपुढे फक्त कमरेतून वाकायचं आहे. लोक घाईत उजवाच गुडघा टेकतात आणि बघणाऱ्याला वाटतं आराधना चालली आहे. चूक शिकवणुकीची नाही, शिकवणाऱ्यांची.

धूपाचंही तसंच. अर्पणानंतर धूपदान धर्मगुरूपुढे तीनदा हलवतात, आणि मग समोर उभ्या लोकांपुढेही तीनदाच. संतांच्या मूर्तींना दोनदा! बाकावरच्या आजीबाईंना संतांपेक्षा एक झोका जास्त मिळतो, हे कुणी सांगतच नाही.

बिबवेवाडी_वाचक
आजीबाईंचा मुद्दा आवडला, पण रामवाडीकर, इतिहास एवढा गोड नाही. १०७५च्या सुमारास पोप सातव्या ग्रेगरीच्या नोंदींत लिहिलं गेलं की सर्व राजांनी फक्त पोपच्याच पायांचं चुंबन घ्यावं. यात आदर कमी आणि राजकारण जास्त. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५२०मध्ये जर्मन सरदारांना लिहिलं तेव्हा हीच प्रथा बंद करा म्हणून सांगितलं. ७८७च्या दुसऱ्या निकीया धर्मपरिषदेने पूज्यभाव वेगळा आणि आराधना वेगळी असं दोन ग्रीक शब्दांत ठरवलं, तेही मूर्तींच्या वादात. फरक कागदावर पक्का आहे, मान्य. पण तो शब्दांत आहे, गुडघ्यात नाही. बघणाऱ्या पोराला ग्रीक येत नाही.

आणि मत्तय २३:९चं काय? पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका, हे उघड सांगितलंय, तरी सगळीकडे 'फादर, फादर'.

रामवाडीकर
मग पौल स्वतःला करिंथकरांचा बाप का म्हणवतो (१ करिंथ ४:१५)? आणि मत्तयाच्या त्याच अध्यायात गुरू म्हणवून घेऊ नका असंही आहे, तरी आपण शाळेत 'सर' म्हणतोच. रोख मोठेपणा मिरवण्यावर आहे.

मुक्तीवाचक
पौलानेच पेत्राला अंत्युखियात तोंडावर सुनावलं (गलती २:११), तेही ध्यानात ठेवा. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचं उदाहरण आहे. बाप्तिस्मा १८८३चा, १८८५मध्ये इंग्लंडमधल्या अँग्लिकन नन सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी स्पष्ट लिहिलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. या बाईंची श्रद्धा कमी होती असं म्हणायची कुणाची छाती आहे? ज्यांच्या पायांवर डोकं ठेवलं त्यांनाच सोमवारी हिशेब विचारायचा, हे किती जणांना जमतं?

बिबवेवाडी_वाचक
आता थोडं आपल्या अंगणात. अंगठीला हसणारेच स्वतंत्र मंडळ्यांत पास्टरचा फोटो फ्लेक्सवर येशूच्या नावापेक्षा मोठा छापतात. दशांशाचा (मंडळीला दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा) हिशेब मागितला की 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन काढतात. ते स्तोत्र १०५:१५ आहे. मागचे श्लोक वाचा. विषय अब्राहाम, इसहाक, याकोब हे परमुलखात भटकत असताना राजांनी त्यांना त्रास देऊ नये, हा आहे. हिशेब मागणाऱ्या सभासदाचा तिथे संबंधच नाही.

पेठेतला_ख्रिस्ती
फ्लेक्सचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण व्यासपीठापाशी करायचं काय, ते सांगा.

रामवाडीकर
उत्तर १९६९पासून तयार आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने त्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणं. वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला बोटं किंवा तळहात लावून ते हात डोळ्यांना वा कपाळाला लावणं. पंचांग प्रणामही आहे, दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ टेकून, पण तो उपासनेत देवालाच. हे बदल मिस्सासाठी आहेत, पण व्यासपीठावर तेवढंच करायला कुणाची हरकत नसावी. बिशप आले की उभं राहायचं, हात जोडायचे, मान लववायची, बसायचं. सूत्रसंचालकाने आधी एवढं सांगितलं की अर्धा घोळ मिटतो. नाहीतर पहिल्या रांगेतला एक जण खाली वाकतो आणि मागचे तीस त्याच्या मागे.

पेठेतला_ख्रिस्ती
हात जोडणं चालेल. अंगठीवाले काका ऐकतील असं वाटत नाही.

मुक्तीवाचक
काकांना सांगू नका, बिशपना सांगा. हात त्यांनीच आधी जोडले तर अंगठी पुढे येतच नाही.