हॉलला एग्रीएबल ग्रे की रिपोज ग्रे?

जांभूळझाड:
न्यू जर्सीत टाउनहाउस घेतलंय, पुढच्या आठवड्यात पेंटर येतोय आणि आमचा रंग अजून ठरत नाहीये. शेरविन विलियम्सचे एग्रीएबल ग्रे आणि रिपोज ग्रे असे दोन उरलेत. हॉल उत्तरेकडे, खिडकी एकच, खाली पिवळसर ओकचं फ्लोअरिंग आहे आणि ते बदलायचं नाहीये. दुकानात कार्डावर दोघांत काही फरकच कळत नाही पण घरी भिंतीवर लावून बघितलं तर नवऱ्याला रिपोज निळसर दिसतो, मला नाही दिसत. कोणी वापरलाय का?

सातारकर७:
आमच्याकडे एग्रीएबल आहे, बिनधास्त लावा. पण त्या एवढ्याशा कार्डावरून काही कळत नाही हो, मागची जुनी भिंत पिवळट असेल तर कुठलाही ग्रे निळाच वाटणार. सँपल आणून पांढऱ्या फोमबोर्डवर दोन हात मारा, कडेने इंचभर पांढरं सोडा आणि बोर्ड खोलीभर फिरवा, खिडकीसमोर, सोफ्यामागे, आणि खिडकीच्याच भिंतीवर, तिथे सगळ्यात काळपट दिसतो. पूर्ण वाळू द्या मगच बघा, ओला असताना फिकट वाटतो.

रंगरेषा:
इंटिरियरचं काम करते म्हणून सांगते, तुमचे मिस्टर बरोबर बघतायत. एलआरव्ही म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा, ० म्हणजे काळा आणि १०० पांढरा. एग्रीएबल ६०, रिपोज ५८, त्यामुळे खोली उजळ दिसण्यात दोघे जवळपास सारखेच, त्यावरून ठरवूच नका. खरा फरक आतल्या छटेत आहे. एग्रीएबलमध्ये बेज आहे, रिपोज त्यामानाने थंड. उत्तरेला थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो, त्यात रिपोज निळा-जांभळा मारू शकतो आणि पिवळ्या ओकशेजारी ते जास्तच डोळ्यात भरतं. माझं मत एग्रीएबल.

पेठकर:
बल्ब पण बघा प्लीज! पुण्यात आमच्या हॉलला ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या ट्यूब होत्या, चांगला बेजकडे झुकणारा ग्रे रात्री नुसता सिमेंटचा गिलावा वाटायचा, ३००० चे पिवळसर दिवे लावले आणि भिंत एकदम ऊबदार दिसायला लागली. रंग तोच.

जांभूळझाड:
सगळ्यांचे खूप आभार! बोर्ड केला, सकाळी सोफ्यामागे रिपोज चक्क जांभळट दिसला, मलासुद्धा. एग्रीएबल फायनल. रंगरेषा, दारं आणि स्कर्टिंगला मग कुठला पांढरा घेऊ?