अनेक कळा एकत्र दाबून लिहिण्याची पद्धत मागे का पडली?

प्रश्न : प्रत्येक अक्षराला स्वतंत्र कळ देण्याऐवजी मोजक्या कळा एकाच वेळी दाबून अक्षर उमटवण्याची पद्धत वेगवान असूनही ती सर्वसामान्यांपर्यंत का पोहोचली नाही?

प्रतिसाद १ : मुख्य अडचण शिकण्याची आहे. नेहमीच्या कळफलकावर अक्षरे छापलेली असल्यामुळे नवखा माणूसही शोधत शोधत पहिल्याच दिवशी मजकूर लिहू शकतो. येथे मात्र कोणत्या कळा एकत्र दाबल्या की कोणते अक्षर उमटते, हे सारे संकेत आधी पाठ करावे लागतात. अमेरिकी संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८च्या प्रात्यक्षिकात माउससोबत पाच कळांचा संचही वापरून दाखवला होता. माउस जगभर गेला, संच मागेच राहिला.

प्रतिसाद २ : ‘पोहोचली नाही’ हे मला पूर्णपणे मान्य नाही. फ्रँक हॉल यांच्या १८९२च्या ब्रेल लेखनयंत्रात ब्रेल अक्षराच्या सहा ठिपक्यांसाठी सहा कळा होत्या आणि त्यांपैकी हव्या त्या एकत्र दाबताच संपूर्ण अक्षर कागदावर उठत असे. ब्रेल जाणणाऱ्याला संकेत आधीच ठाऊक असल्याने वेगळे पाठांतर उरत नाही. स्पर्शपडद्यावरील ब्रेल-लेखनही (माझ्या मते आजची सर्वांत सुबक सोय) याच तत्त्वावर चालते.

प्रश्नकर्ता : म्हणजे लिपीच संकेतांची असेल, तर ही पद्धत सहज रुजते. न्यायालयीन लघुलेखनयंत्राला हे लागू होते का?

प्रतिसाद २ : नाही. तेथे एका दाबात अख्खा उच्चार नोंदवता येतो, पण त्यासाठी दीर्घ प्रशिक्षण लागते. बोलण्याच्या वेगाने नोंद घेणे हाच व्यवसाय असल्यामुळे ते परवडते.