हँड्सफ्रीवर बोललं की पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय, काय करू?

कणकुंबी मार्गे:
नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या भाजी मार्केटातनं माल भरून पिकअपनं गोव्याला जातोय. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला उतरून साखळी, तिथनं म्हापसा. आठवड्यातनं सहा दिवस. वाटेत म्हापशाच्या दोन व्यापाऱ्यांचे फोन चालूच असतात: कोबी किती, मिरची कसली, कुठवर आलास. फोन कानाला लावून गाडी चालवणार नाही असा घरात शब्द दिलाय, म्हणून दोन महिन्यांमागं दीड हजाराचं ब्लूटूथ किट घेतलं. डोक्यावरच्या सनव्हायजरला क्लिपनं अडकवायचं.

मला सगळं स्वच्छ ऐकू येतंय. पण पलीकडचा म्हणतोय, माझाच आवाज मला परत येतोय, तू काय विहिरीत बसलायस काय. मी आवाज वाढवला की जास्तच. दोघं एकदम बोललो की एकाचं बोलणं मधेच तुटतंय. परवा मी 'वीस क्रेट' म्हटलं, त्यानं 'तीस' ऐकलं. तीस येणार म्हणून त्यानं पुढं गिऱ्हाइकाला कबूल केलं आणि बोलणी मला बसली. दुकानदार म्हणतोय किट चांगलं आहे, बदलून मिळणार नाही. हे नेमकं चालतंय कसं, कुणी नीट सांगेल काय?

काकतीकर:
किटचं जाणकार सांगतील. फोन हातात न धरायचं ठरवलंत ते बरं केलंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं हातात धरलेल्या फोनचा उल्लेख स्पष्ट आलाय. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

वायरमन, उद्यमबाग:
कणकुंबीवाले, तुमचा दुकानदार अर्धं खरं बोललाय. किट बिघडलेलं नाही. पण ते जिथं लावलंय तिथं त्याला नीट काम करता येत नाही. मी वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय. कॅसेट टेपच्या काळापासनं बघतोय, गिऱ्हाईक आवाज किती मोठा ते विचारतंय, माईक कुठं बसणार ते कुणीच विचारत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, किट फोन लावत नाही. फोन लावतोय तुमचा मोबाईलच, टॉवरशी बोलणं त्याचंच. किट म्हणजे त्याचा लांब गेलेला कान आणि तोंड. दोघांमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर बारीक ताकदीचा रेडिओ चालतोय. त्या पट्ट्यात १ मेगाहर्ट्झचे ७९ कप्पे केलेत आणि फोन-किट दोघं ठरल्या क्रमानं सेकंदाला १,६०० वेळा कप्पा बदलतात. एखाद्या कप्प्यात दुसऱ्या कुणाचा गोंधळ असला तरी तेवढा एक तुकडा वाया जातोय, बोलणं थांबत नाही. बटण दाबून तुम्ही फोन उचलता तेव्हा किट मोबाईलला तीन अक्षरं पाठवतंय, 'एटीए'. म्हणजे 'उत्तर दे'. जुन्या टेलिफोन मोडेमला कॉम्प्युटर हाच हुकूम द्यायचा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लई आनंद झालेला. एवढी जुनी भाषा आपल्या डॅशबोर्डात अजून बोलली जाते!

आता तुमचं दुखणं. म्हापशाच्या व्यापाऱ्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधनं निघतोय, समोरच्या काचेवर, पत्र्यावर आपटतोय आणि फिरून तुमच्याच माईकमध्ये शिरतोय. तिथनं नेटवर्कमार्गे परत म्हापशाला. जायला-यायला थोडा वेळ लागतोय म्हणून त्याला तो वेगळा, मागनं आलेला ऐकू येतोय. त्रास त्याला होतो, तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून 'मला स्वच्छ ऐकू येतंय' याला इथं अर्थ नाही.

चांगलं किट यावर हिशेब करतंय. स्पीकरला काय पाठवलं ते त्याला माहीत असतंय. तोच आवाज तुमच्या केबिनमध्ये फिरून माईकपाशी कसा पोचेल याचा ते अंदाज बांधतंय आणि माईकमध्ये आलेल्यातनं तेवढा वजा करतंय. उरला तो तुमचा आवाज. हा अंदाज ते कॉल चालू असतानाच शिकतंय आणि दुरुस्त करत राहतंय, म्हणून काही वेळा पहिली दोन-चार वाक्यं घुमतात आणि मग साफ होतात.

पण वजाबाकीला अट आहे. स्पीकरनं दिलेला आवाज जसाच्या तसा काढला पाहिजे. तुम्ही आवाज शेवटपर्यंत वाढवला की एवढासा स्पीकर फाटतोय, थरथरतोय. ते फाटलेलं किटच्या हिशेबात नसतंय, म्हणून ते वजा होत नाही, सरळ म्हापशाला जातंय. त्यात व्हायजरच्या किटमध्ये स्पीकर आणि माईक चार बोटांच्या अंतरावर, एकाच डबीत. आणि पिकअपची केबिन म्हणजे काच आणि पत्रा, आवाज पिऊन घेणारं कापड जवळजवळ नाहीच.

दोघं एकदम बोलल्यावर तुटतंय ते ह्यामुळंच. माईकमध्ये दोन्ही आवाज मिसळून आले की स्वस्त किटला फोड करता येत नाही, मग ते एकाची बाजू दाबून टाकतंय. 'वीस'चं 'तीस' तिथंच झालं असणार. आकडा सांगताना आधी त्याचं पूर्ण होऊ द्या.

करायचं असं. वेगळ्या वायरच्या माईकचं किट घ्या. माईक दाराच्या पुढच्या खांबावर वरच्या बाजूला, तोंड तुमच्याकडं, एसीची हवा लागणार नाही असा. स्पीकर क्लीनरच्या बाजूला पायापाशी, माईककडं पाठ करून. आवाज निम्म्याच्या थोडा वर, त्यापुढं नाही. काच वर. इंजिनाची घरघर एकसारखी असते, ती किट ओळखून कमी करतंय. वाऱ्याचे झोत एकसारखे नसतात, ते त्याला जमत नाही.

एक राहिलं. आवाज दाबायचं काम मोबाईलही स्वतःच्या बाजूनं करतोय. चांगलं किट जोडलं जाताना त्याला सांगतंय, 'तू तुझं बंद कर, मी करतो.' काही किट हे सांगतच नाहीत, मग दोघंही छाटतात आणि माणूस डब्यातनं बोलल्यासारखा वाटतोय. नवीन किट दुकानातच स्वतःचा मोबाईल जोडून, घरच्यांना फोन लावून, त्यांना काय ऐकू येतंय ते विचारून घ्या.

तवंदी उतार:
वायरमन काका, फार छान समजावलंत. मी निपाणीहून रोज कोल्हापूरला नोकरीला जाते. माझं सॉकेटमध्ये खोचायचं किट आहे, ते आवाज एफएमवरून कारच्या टेपला देतं. निपाणीत ठीक चालतं, कागल सोडलं की कोल्हापूरचं रेडिओ स्टेशनच बोलायला लागतं. आणि दुसरं, मिस्टरांच्या गाडीच्या स्क्रीनवर फोन आला की नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात. आमची अर्धी नावं मराठीत आहेत, सासरची काही कन्नडमध्ये.

वायरमन, उद्यमबाग:
ताई, एफएमचा टेप दोनपैकी जोरकस स्टेशन धरतोय, दुसऱ्याला गप्प करतोय. तुमचं किट अगदी नाजूक ताकदीचं आहे. टेपला ऑक्सचं भोक असेल तर वायरनं जोडा. नाहीतर कोल्हापूरच्या बाजूला रिकामा असलेला आकडा शोधून किट आणि टेप दोन्ही त्यावर लावा. चौकोनांचं म्हणाल तर मोबाईल नाव बरोबर पाठवतोय, त्या स्क्रीनमध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरंच भरलेली नाहीत. आमच्या भागात हे रोजचं आहे. गाडी चालवताना लागणारी पाच-सहा नावं इंग्रजी अक्षरांत ठेवा, तेवढाच उपाय.

कणकुंबीवाले, न विचारता एक सांगतो. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातेय. व्यापारी दर पाडून मागतोय आणि तुम्ही मनात क्रेटचा हिशेब करताय, तीन सेकंद, पन्नास मीटर. हात मोकळे असतात, पण डोकं म्हापशात असतंय. मी स्वतः संकेश्वरहून येताना किटवर गिऱ्हाइकाशी वायरिंगचं बोलत होतो. फोन ठेवला तेव्हा हत्तरगीचा टोलनाका मागं गेलेला. पैसे कधी कापले, पुढं कोण होतं, काही आठवेना. त्या दिवसापासनं भावाचं आणि हिशेबाचं बोलणं मी गाडी बाजूला घेऊनच करतोय. तुम्ही कणकुंबीत चहाला थांबताच, दोन्ही व्यापाऱ्यांना तिथनंच लावा.

कणकुंबी मार्गे:
मामा, चार दिवसांनी लिहितोय. वेगळ्या माईकचं किट बसवलं. माईक खांबावर, स्पीकर क्लीनरच्या पायाशी. काल म्हापशाचा पहिलं वाक्य बोलला, "आज गाडी बंद करून उलयता मरे?" म्हणजे, गाडी बंद करून बोलतोयस काय रे. गाडी चालू होती, जांबोटीच्या पुढं. आणि दर ठरवायचं आता कणकुंबीतच, दोघांनाही तसं सांगून टाकलंय. बायकोला मुद्दाम फोन लावून ऐकवलं, ती म्हणाली आता माणसासारखं ऐकू येतंय.

एकच राहिलंय. घाटाच्या तोंडाला रेंज कमी झाली की फोन वाजायच्या आधी स्पीकरमध्ये टर्र-टर्र-टर्र असा आवाज येतोय. हे कशाचं?

वायरमन, उद्यमबाग:
ते टू-जीचं. रेंज गेली की मोबाईल टू-जीवर उतरतोय आणि लांबच्या टॉवरला गाठायला पूर्ण जोर लावतोय. टू-जीत तो सलग बोलत नाही, सेकंदाला सुमारे २१७ झटके देतोय. ते झटके स्पीकरच्या वायरीत शिरले की तुम्हाला टर्र ऐकू येतंय. किटमध्ये दोष नाही. मोबाईल स्पीकरच्या आणि माईकच्या वायरीपासनं हातभर लांब ठेवा, ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात नको, त्याच बाजूनं माईकची वायर वर गेलीय.